मिल्ट्री, फौजदार आणि शाळेत उतरलेले जवान

आरमोरी तालुक्यातल्या एका गुरुजींचा प्रश्न आहे. निवडणुकीत शाळेच्या वऱ्हांड्यात चट्टेरीपट्टेरी गणवेशातले बंदूकधारी उतरले, की सारं गाव म्हणतं, 'मिल्ट्री आली गा!' पेपरात कधी 'निमलष्करी दल' येतं, कधी सरळ 'लष्कर'. ग्रामपंचायतीच्या फलकावर काय लिहावं? पुढे त्यांनी हेही विचारलंय, की मग शहरांचा बंदोबस्त आणि अतिरेक्यांचा नायनाट खऱ्या मिल्ट्रीकडेच का देऊ नये?

फलकाचं सोपं आहे. शाळेत बहुधा केंद्रीय राखीव पोलीस दल असतं, आणि त्याच्या नावातच पोलीस आहे. ते गृहमंत्रालयाचं, लष्कर संरक्षण मंत्रालयाचं. सीमा सुरक्षा दलाच्या नावात पोलीस नाही, पण तेही गृहमंत्रालयाचंच. 'निमलष्करी' या शब्दाने घोळ होतो म्हणून २०११ साली गृहमंत्रालयाने या साऱ्यांना 'केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं' म्हणायचं ठरवलं. पेपरवाल्यांना तो शब्द लांब वाटत असावा, मथळ्यात अजून निमलष्करीच. आपली एसारपी, म्हणजे राज्य राखीव पोलीस दल, तेही पोलीसच. १९९० साली साठ जवानांवर उभं राहिलेलं गडचिरोलीचं नक्षलविरोधी सी-६० पथक रानात कितीही फौजेसारखं वागत असलं, तरी त्यातला माणूस जिल्हा पोलिसांचा शिपाई नाहीतर हवालदार असतो.

आता गंमत अशी, की गावाची चूक तितकीशी चूक नाही. आपल्या भाषेत पोलीस आणि सैनिक मुळात एकाच घरातले. ठाण्यातल्या उपनिरीक्षकाला आपण 'फौजदार' म्हणतो. फारसीत त्याचा अर्थ फौज बाळगणारा. मुघल काळातला फौजदार खरंच तुकडी घेऊन फिरायचा: बंडखोर मोडायचे, चोर धरायचे, वसुली अडली तर तिथेही उभं राहायचं. त्याच्यावरून 'फौजदारी' आली. दिवाणाचे ते दिवाणी दावे, फौजदाराचे ते फौजदारी. बकरी चोरली तरी गुन्हा फौजदारीच! 'हवालदार' म्हणजे ज्याच्या हवाली काही केलं आहे तो. शिवकाळात किल्ला त्याच्या हवाली असे, आज तो फौजेतही आहे आणि चौकीतही. 'ठाणं' हीसुद्धा एकेकाळी मुलखात बसवायची लष्करी जागा. विदर्भातल्या बातम्यांत ठाण्याचा प्रमुख अजून 'ठाणेदार' असतो. 'शिपाई' तर घसरत घसरत तहसील कचेरीत चहा आणण्यापर्यंत पोचला.

म्हणजे शब्द जुने राहिले आणि मधल्या काळात कामं वेगळी झाली. ती वेगळी झाली हे बरं झालं असं माझं मत आहे, आणि गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. यासाठी एक जुनी जोडी ध्यानात घ्या, 'मुलकी' आणि 'लष्करी'. मुलकी म्हणजे मुलखाच्या कारभाराचं. राज्यघटनेत पोलीस हा राज्यांचा विषय आहे. लष्कर येतं ते मुलकी सत्तेच्या मदतीला. जमाव दुसऱ्या कशानेच पांगत नसेल तर दंडाधिकारी सैन्याला बोलावू शकतो, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. (नव्या नावातून 'फौजदारी' गेली, हे शब्दवेड्यांनी टिपून ठेवावं.) पाहुणा मदतीला येतो, घर चालवायला नाही. कोणाच्या घरी कोण उतरलंय हे पोलीस पाटलाला ठाऊक असतं, बीटच्या हवालदाराला ठाऊक असतं. आज इथे आणि उद्या सरहद्दीवर असणाऱ्या जवानाला ते कुठून कळणार? अतिरेकी शोधायला आधी हीच ओळखपाळख लागते. सी-६० मध्ये गोंडी-माडिया बोलणारी इथलीच पोरं घेतली, ती उगाच नाही.

आणखी एक शब्द मला खटकतो: 'कंठस्नान'. 'चकमकीत चौघांना कंठस्नान' असं पोलिसांच्या बातमीत बिनदिक्कत छापतात. चकमक हा मूळचा गारेचा दगड, ठिणगी पाडणारा. तो शब्द चालेल. कंठस्नान मात्र रणांगणावरचं. सैनिकापुढे शत्रू असतो, पोलिसापुढे आरोपी, आणि आरोपीला न्यायालयात उभं करायचं असतं. चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारी चौकशी व्हायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं, तेही महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात.

२००८ च्या मुंबई हल्ल्याचं उदाहरण गुरुजी देतील, म्हणून तेही बघू. ताज आणि नरिमन हाउसमध्ये कमांडो लागलेच. हॉटेलात ओलीस अडकल्यावर तिथे हवालदार काय करणार? पण राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलात लष्करातून आलेले जवान असले, तरी ते दल गृहमंत्रालयाचं. आणि कसाब जिवंत सापडला तो गिरगाव चौपाटीवर, सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्याच्या रायफलची नळी जीव जाईस्तोवर सोडली नाही म्हणून. पुढे खटला चालला, आणि २०१२ मध्ये फाशी झाली.

तर फलकावर लिहा: 'केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांचा मुक्काम शाळेत आहे.' 'जवान' चालतो, तो अग्निशमन दलातही असतो. मात्र तुकडी कोणती ते आधी त्यांच्या दंडावरच्या पट्टीवर वाचून घ्या, आणि म्हातारी 'मिल्ट्री' म्हणाली तर म्हणू द्या.