स्वरलिपी न येणाऱ्या जो मीकला संगीतकार म्हणता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे की, ज्या ब्रिटिश रेकॉर्ड निर्मात्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती, त्या जो मीकचे नाव ‘टेलस्टार’ या वाद्यधुनेचा संगीतकार म्हणून का लागते. माझे उत्तर स्पष्ट आहे: चाल त्याची होती, म्हणून संगीतकारही तोच. चाल सुचणे आणि ती कागदावर उतरवणे ही कामे वेगळी आहेत. आपल्या चित्रपटसंगीतातही चाल एकाची आणि वाद्यवृंदाचे संयोजन दुसऱ्याचे, हे नेहमीचेच आहे. मीक मनातली चाल गाऊन टेपवर ठेवत असे आणि त्याचा सूर पक्का नसल्यामुळे एखाद्या सहकारी वादकाला त्यातून नेमके स्वर शोधून काढावे लागत.

त्याचे खरे वाद्य मात्र ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते. १९२९ मध्ये ग्लॉस्टरशायरमधील न्यूएंट येथे जन्मलेल्या मीकने हवाई दलात रडार तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि पुढे तो लंडनच्या स्टुडिओंमध्ये ध्वनिमुद्रक झाला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ३०४, हॉलोवे रोड येथे, चामडी सामानाच्या दुकानावरच्या भाड्याच्या घरात स्वतःचा स्टुडिओ उभारला. तिथे गायकाला प्रसंगी न्हाणीघरात उभे करून गाऊन घेतले जाई. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या हनीकोम्ब्स या बँडच्या ‘हॅव आय द राइट?’ या गाण्यासाठी तर वादकांनी लाकडी जिन्यावर पाय आपटून ठेका धरला आणि त्याकरिता जिन्याच्या कठड्याला मायक्रोफोन बांधले होते. मोठ्या कंपन्यांचे स्टुडिओ जो आवाज ‘चुकीचा’ म्हणून टाकून देत, तोच त्याला हवा असे, आणि मला तो याच कारणासाठी मोठा वाटतो.

जुलै १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रहाने अटलांटिकपलीकडची दूरचित्रवाणीची दृश्ये युरोपात पोहोचवली आणि त्यावरून मीकला ही धून सुचली. टॉर्नेडोज या बँडने ती वाजवली. मुख्य सुरावट मात्र जेफ गोडार्डने नंतर क्लॅव्हियोलिन या विजेवर चालणाऱ्या, पट्ट्यांच्या वाद्यावर वाजवून त्यावर चढवली. (‘नागिन’ची बीन कल्याणजींनी याच वाद्यावर वाजवली होती, त्यामुळे तो ध्वनी आपल्या कानांना अगदीच परका नाही.) डिसेंबर १९६२ मध्ये ही धून अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिली आली, त्याआधी कोणत्याही ब्रिटिश बँडला हे साधले नव्हते.

त्या यशाचा पैसा मीकच्या हाती आला नाही. जाँ लद्र्यू या फ्रेंच संगीतकाराने आपल्या चित्रपटसंगीतातून चाल चोरल्याचा दावा केला आणि रॉयल्टी अडकून पडली. कर्ज आणि ढासळलेले मानसिक आरोग्य यांनी घेरलेल्या मीकने ३ फेब्रुवारी १९६७ रोजी घरमालकिणीला गोळी घालून ठार केले आणि नंतर स्वतःचा जीव घेतला. दाव्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला, तो १९६८ मध्ये.