शाळेत छळणारा वर्गमित्र स्नेहमेळाव्याला येणार असेल, तर जावे का?

तुमच्या प्रश्नावरून असे दिसते की, जुन्या मित्रमैत्रिणींना भेटण्याची तुम्हाला मनापासून ओढ आहे. अडचण आहे ती शाळेत वर्षानुवर्षे तुम्हाला छळणाऱ्या एका मुलाची, जो आता ग्रुपवर सर्वांत उत्साहाने मेळाव्याची तयारी करतो आहे. माझ्या मते तुम्ही जावे, पण बाकीच्यांसाठी जावे. त्याच्याशी जुना हिशेब चुकता करण्यासाठी नव्हे, आणि आपण सारे विसरलो आहोत हे दाखवून देण्यासाठी तर मुळीच नव्हे.

इतक्या वर्षांनीही त्याचे नाव दिसताच पोटात गोळा येतो, याची लाज वाटते असे तुम्ही लिहिले आहे. ती वाटून घेऊ नका. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पुढे अनेक दशके मागोवा घेण्यात आला. त्यांच्यापैकी सात हजारांहून अधिक जणांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातून दिसले की, लहानपणी ज्यांना इतर मुलांनी वारंवार त्रास दिला होता, त्यांना मध्यमवयातही नैराश्याचा धोका अधिक होता. ‘त्या वयात सगळेच असे वागतात’ हे वाक्य बहुधा ज्याला काही सोसावे लागले नाही, त्याच्याच तोंडी असते.

मी अशा मेळाव्याला गेलो, तेव्हा ज्याची धास्ती होती तो दारातच भेटला. खांद्यावर हात टाकून त्याने मला जुन्या टोपणनावाने हाक मारली आणि भोवतालचे चार जण हसले. मी त्याचा हात बाजूला केला आणि आवाज न चढवता म्हणालो, “हे नाव मला तेव्हाही आवडत नव्हते. माझ्या नावाने हाक मार.” “अरे, गंमत केली,” असे पुटपुटत तो दुसरीकडे वळला. छळाविषयीच्या संशोधनाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी हेतू, पुनरावृत्ती आणि दोघांच्या बळातील तफावत या छळाच्या खुणा सांगितल्या आहेत. त्या लावून पाहिल्या की गंमत कोणती आणि छळ कोणता, याबद्दल आपल्या मनात तरी संदेह राहत नाही.

मला अधिक लागले ते इतरांचे हसणे, कारण मी ज्यांच्यासाठी गेलो होतो तेही त्यात होते. म्हणून तुम्हाला सुचवतो की, विश्वासातल्या एका तरी व्यक्तीशी आधीच मोकळेपणाने बोलून ठेवा. अशा वेळी शेजारी कोणीतरी जाणते माणूस असणे फार मोलाचे ठरते.

तो माफी मागायला आला, तर ऐकून घ्या. मात्र क्षमा तिथेच, सर्वांच्या देखत केली पाहिजे असे बंधन तुमच्यावर नाही. “तू हे बोललास ते बरे झाले, मला विचार करायला वेळ हवा,” एवढे उत्तर पुरते. तुम्ही त्या छळाचा तपशील लिहिलेला नाही. तो मारहाणीचा किंवा लैंगिक स्वरूपाचा असेल, तर माझा सल्ला वेगळा आहे: मेळाव्याला जाऊ नका आणि ज्यांना भेटावेसे वाटते, त्या दोघाचौघांना स्वतंत्रपणे भेटा.