बायोप्सीचा रिपोर्ट यायला इतके दिवस का लागतात?

आईच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला देऊन सहा दिवस झाले, रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो मग याला एवढा वेळ का, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगावात हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं हे माझं काम. खानापूर-निपाणीहून आलेले नातेवाईक रोज हेच विचारतात, आणि त्यांची घालमेल मला कळते.

रक्त मशीनला लावता येतं, तुकडा नाही. तो आधी फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा सडू न देणाऱ्या द्रावणात, मुरावा लागतो, स्तनाचा असेल तर किमान 6 तास. मग रात्रभर अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेलं मेण. मेणाच्या ठोकळ्यातून टेक्निशियन 3-4 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढतात. काप कोमट पाण्यावर तरंगत असताना नुसता श्वास लागला तरी चुरगळतो. तो काचेवर घेऊन रंगवला की पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकीचं गुलाबी दिसतं. मग माझं काम सुरू होतं. कॅन्सर दिसला तर ईआर, पीआर, हर-टू या ‘इम्युनो’ तपासण्या (कॅन्सरच्या पेशींत ही प्रथिनं आहेत का हे बघणाऱ्या) लावाव्या लागतात, त्यात आणखी दिवस जातात. पण आईला कोणतं औषध लागू पडेल हे त्यांच्यावरच ठरतं, म्हणून तिथे घाई करू नका.

खरी भीती मला उशिराची वाटत नाही. एकदा एका दवाखान्यातून काढलेली गर्भपिशवी फॉर्मालिनऐवजी सलाईनमध्ये बुडवून आली, दोन दिवसांनी. झाकण उघडताच वासानं कळलं. काचेखाली पेशींच्या जागी नुसत्या फिकट सावल्या होत्या. त्या बाईंचा मुलगा समोर उभा. ‘पुन्हा तपासा की डॉक्टर,’ म्हणत होता. पुन्हा तुकडा घ्यायला पिशवी उरलीच नव्हती.

म्हणून तुकडा निघाला की तिथेच विचारा, फॉर्मालिनमध्ये टाकलाय ना? तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मालिन हवं. बाटलीवर नाव, आणि फॉर्मवर वय, गाठ कोणत्या बाजूची, आधी काही उपचार झाले का, हे लिहिलेलं हवं. कोऱ्या फॉर्मवर मला अर्ध्या आंधळ्यासारखं बघावं लागतं.

तुम्ही आज लॅबला फोन करून ‘इम्युनोला लावलंय का’ एवढंच विचारा, लगेच सांगतील. पुढे कोल्हापूरला किंवा मुंबईला दाखवायचं झालं तर नुसता कागद नेऊ नका, मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्सही मागून घ्या.