शनिवार की रविवार, आणि ओट्याशी कोण?

प्रिय ताई,

नवरा तीन वर्षांपासून शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती मंडळीत जातो, सासरे जन्मभर रविवारच्या उपासनेला पहिल्या बाकावर. दर रविवारी ताटावर बसलं की एक म्हणतो, ‘बायबलातलं वचन दाखवा’, दुसरे म्हणतात, ‘बापजाद्यांनी पाळलं ते चुकीचं काय?’ आणि तुम्ही मला विचारता, खरं कोणाचं?

शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, बदलून रविवार करा, अशी आज्ञा नव्या करारात कुठेच नाही. प्रेषितांची कृत्ये 20:7 मध्ये पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमले एवढंच आहे, विसाव्याचं काही नाही. इथं यजमानांचा मुद्दा पक्का. पण ‘रविवारचं हे सगळं रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाचं’ हे त्यांनी आता सोडावं. 321 साली त्यानं रविवारच्या सुटीचा हुकूम काढला खरा (शेतकऱ्यांना वगळून!), पण रविवारी जमणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं वर्णन जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक दुसऱ्या शतकातच लिहून गेला होता.

आणि परंपरेला यजमानांनी इतकं हसू नये. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तेलाचे घाणे चालवणारे तिथले ज्यू, हिब्रू जवळजवळ विसरले होते, तरी शनिवारी घाणा बंद. म्हणून तर गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचं. तो शनिवार त्यांच्याकडे पुस्तकातून नाही, आजी-आजोबांकडून आला.

रोमकरांस पत्र 14:5 दोघांनी मिळून वाचावं. दिवस मानायचा की नाही, हे पौलानं ज्याच्या त्याच्या मनावर सोडलंय.

पण ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंत, ‘शनिवारी यांचा स्वयंपाक, रविवारी पप्पांचं मटण, मी दोन्ही दिवस ओट्याशी.’ तुमचं पत्र माझ्या मते तिथून सुरू होतं. बायबलातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक उघडा आणि 5:14 काढा, शब्बाथाची आज्ञा. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दाराशी आलेला परका, सगळ्यांना विसावा. बायको यादीत नाही! पंडित म्हणतात, ती आज्ञेतल्या ‘तू’मध्येच आली. आली असेल; तुमच्या घरात अजून पोचलेली दिसत नाही.

यजमानांच्या मंडळीत शुक्रवार हा शब्बाथाच्या तयारीचा दिवस असतो. ही तयारी कोण करतं, ते त्यांना विचारा आणि येत्या शुक्रवारी कांदे-सुरी त्यांच्यापुढे ठेवा. रविवारी सासऱ्यांना आदल्या रात्रीचं गरम करून वाढा. कुरकुर झालीच तर हीच विसाव्याची चौथी आज्ञा मोठ्यानं वाचून दाखवायला त्यांनाच सांगा, आवाज चांगला असेल त्यांचा.

मुलीला ‘तू कोणाकडची?’ विचारणं मात्र आजपासून बंद. तिची संडे स्कूल सोडवू नका, शनिवारी बाबांबरोबर जावंसं वाटलं तर जाऊ द्या.

आणि वाद थांबवायला जाऊ नका, तो थांबायचा नाही. फक्त जेवताना नको. जेवणं झाल्यावर, भांडी घासताना करा म्हणावं, दोघांनी मिळून.

तुमची,
मावशी