चार, सहा, आठ

बाळ,

अनेक आशीर्वाद.

इस्तंबूलचं काम शुक्रवारी संपतंय, विमान सोमवारी पहाटेचं, तर मधल्या दोन दिवसांत कपाडोक्याला जाऊन उडत्या फुग्यात बसावं की बल्गेरिया-ग्रीसच्या सीमेजवळचं एदिर्ने पाहावं, असं तू विचारलंयस. माझं उत्तर काय येणार ते ठाऊक असूनच विचारलंस, त्यामुळे फुग्याचं सोडून देऊ. शनिवारी सकाळी लवकर नीघ, रात्री तिथेच राहा, रविवारी दुपारनंतरच्या बसने परत ये. एका दिवसात जाऊन-येऊन करू नकोस. पहिल्या खेपेला मी तेच केलं होतं आणि हळहळायला पुढची अकरा वर्षं मिळाली.

झालं असं, की लांबून सेलिमिये मशिदीचे चार मिनार दिसले आणि मी जत्रेतल्या पोरासारखा थेट तिकडेच धावलो. तीन तास तिथे गेले. बाकीच्या दोन मशिदी तिथून पाच-दहा मिनिटांवर. त्या वाटेत लागल्या म्हणून पाहिल्या, म्हणजे पाहिल्याच नाहीत. परतीच्या बसमध्ये वही उघडली तेव्हा कळलं, की गणिताचं उत्तर तेवढं उतरवून आणलंय, रीत राहून गेली.

तेव्हा क्रम चुकवू नकोस. आधी एस्की जामी, मग उच शेरेफेली, शेवटी सेलिमिये. बांधल्या त्या क्रमाने. आणि प्रत्येक ठिकाणी घुमट बघण्याआधी खांब मोज.

बसचं सांगतो. इस्तंबूलमध्ये एसेनलरचं मोठं स्थानक आहे, त्याला तिथे ओतोगार म्हणतात. मेट्रोचं स्टेशनही त्याच नावाचं. तिथून सुमारे 240 किलोमीटर, अडीच-तीन तास. एदिर्नेचं स्थानक गावाबाहेर आहे, तिथून छोट्या बसने मध्यभागी यायचं. खोली आधी ठरव, कारण सुट्टीच्या दिवशी सीमेपलीकडून बल्गेरियन आणि ग्रीक मंडळी खरेदीला येतात. मशिदींत जायला डोकं झाकायला ओढणी, पटकन निघतील असे बूट, आणि नमाजाची वेळ टाळायची. एवढं पुरे.

एस्की जामी म्हणजे जुनी मशीद. 1403 मध्ये काम सुरू झालं, 1414 मध्ये पुरं झालं. तेव्हा एदिर्ने उस्मानी सुलतानांची राजधानी होती. 1453 मध्ये इस्तंबूल पडलं ते इथून निघालेल्या फौजेने, आणि तटबंदी फोडायला नेलेली ती अवाढव्य तोफही इथेच ओतलेली. असो. मशिदीत नऊ घुमट आहेत, तीन-तीनच्या तीन ओळी, आणि ते पेलायला मध्ये चार जाडजूड खांब. आत शिरल्यावर भिंतींवरची प्रचंड काळी अक्षरं आधी अंगावर येतील. ती डोळे भरून बघ, मग एका खांबामागे जाऊन बस आणि इमाम उभा राहतो तो कोनाडा दिसतो का बघ. मान वाकडी करावी लागेल. इतकी माणसं एका छपराखाली आणायची, तर मधले हे खांब घालवायचे कसे? पुढची दीडशे वर्षं गवंडी याच प्रश्नाशी झगडत होते.

उच शेरेफेली हा त्या झगड्यातला मधला डाव. 1438 ते 1447, सुलतान दुसऱ्या मुरादच्या काळात. मधला घुमट एकदम 24 मीटर व्यासाचा. एवढा मोठा घुमट उस्मानी गवंड्यांनी तोवर उचललेलाच नव्हता. टेकू सहा, त्यांतले चार भिंतींत लपलेले, दोन मात्र मोकळे, षटकोनी आणि हत्तीच्या पायाएवढे जाड. आता दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांकडे बघ. चौकोनी डब्यात मोठी भाकरी ठेवली की कोपरे रिकामे राहतात ना, तसे इथे मोठ्या घुमटाच्या आजूबाजूला त्रिकोणी तुकडे उरलेत, आणि त्यांवर छोटे घुमट बसवून कसंबसं निभावून नेलंय. पुस्तकांतून या कोपऱ्यांना कच्चं काम म्हणतात. मला ते तिथलं सगळ्यांत प्रामाणिक काम वाटतं. ज्याला उत्तर सापडलेलं नाही पण हात थांबलेला नाही, अशा माणसाचं काम तिथे उघडं पडलेलं दिसतं. तुझ्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पातला तो जिना आठव. मी त्याला मार्क का दिले ते तिथे समजेल.

बाहेर आल्यावर मिनार बघ. चारही वेगळे: एक पिळाचा, एक शंकरपाळ्यांच्या नक्षीचा. ज्याच्यावरून मशिदीला नाव पडलं त्या उंच मिनाराला तीन सज्जे आहेत ('उच' म्हणजे तीन, 'शेरेफे' म्हणजे सज्जा), आणि प्रत्येक सज्ज्याला आतून स्वतंत्र जिना. तिघं एकदम चढले तरी एकमेकांना दिसत नाहीत.

इथे चहा पी. घाईने सेलिमियेकडे पळू नकोस, ती कुठे जात नाही.

सेलिमिये 1568 ते 1575 मधली. सुलतान दुसरा सेलिम, वास्तुकार मिमार सिनान, वय ऐंशीच्या घरात. घुमट 31 मीटरच्या वर, आणि खांब आठ. वाढले की! घालवायचे होते आणि वाढले. पण आत उभी राहा आणि ते कुठे आहेत ते शोध. त्याने ते इतके कडेला, भिंतीपाशी सरकवलेत की ते वाटेत येतच नाहीत. भार आठांवर वाटला गेल्याने भिंतींना काम उरलं नाही, म्हणून त्यांत खिडक्याच खिडक्या. तू इस्तंबूलची आयासोफिया पाहिली असशीलच, मुळात ख्रिस्त्यांनी बांधलेली. सिनानच्या नावाने जे आत्मवृत्त सांगितलं जातं त्यात तो म्हणतो, की आयासोफियाएवढा घुमट मुसलमानांना जमणार नाही म्हणत होते, मी त्याहून मोठा करून दाखवला. मोजायला गेलं तर दोन्ही जवळपास सारखेच भरतात. ऐंशी वर्षांच्या माणसाने तेवढी फुशारकी मारली तर मारू दे.

आपण विजापूरला गेलो होतो तेव्हा तू गोलघुमटात विचारलं होतंस, की इथे खांब का नाहीत. तो घुमट आतून 38 मीटरच्या आसपास, सेलिमियेपेक्षा चांगलाच मोठा आणि ऐंशी-एक वर्षांनी नंतरचा. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी भार थेट चार जाड भिंतींवर नेलाय, म्हणून आत मोजायला काहीच नाही, आणि म्हणूनच आत अंधार. दोन्ही जागा एकाच माणसाने बघितलेल्या असणं फार कमी वेळा घडतं. तुझ्या बाबतीत घडतंय, तेव्हा वहीत दोन्हींचे छेद शेजारी-शेजारी काढ.

सेलिमियेत घुमटाच्या बरोबर खाली अजान देणाऱ्या मुअज्जिनांचा चौथरा आहे, खालून मोकळा, छोट्या खांबांवर उभा, आणि त्याच्याखाली एक लहानसं कारंजं. इतकी मोकळी जागा केली आणि ऐन मध्यात हे काय मांडून ठेवलं, म्हणून पहिल्या वेळी मी चिडलो होतो. दुसऱ्या खेपेला त्याच्याखाली जाऊन उभा राहिलो. डोक्यावर अगदी जवळ छत. दोन पावलं बाहेर टाकली आणि वर एकदम सगळं उघडलं. तेव्हापासून मी ती तक्रार करत नाही. त्याच चौथऱ्याच्या एका संगमरवरी खांबावर उलटं ट्युलिप कोरलंय. सगळे तिथे फोन घेऊन दाटी करतात. ट्युलिपच्या बागेची जमीन द्यायला अडून बसलेल्या उलट्या डोक्याच्या मालकाची गोष्ट सांगतात. ऐक, हस आणि पुढे हो. जीर्णोद्धाराचं काम चालू असलं आणि परांची लागलेली दिसली तर नाराज होऊ नकोस. आपल्या धंद्यातल्या माणसाला परांचीतच जास्त कळतं.

रविवारी सकाळी दुसऱ्या बायझिदचं संकुल, तुन्जा नदीच्या पलीकडे. 1484 ते 1488 मध्ये बांधलेली मशीद, वैद्यकशाळा आणि रुग्णालय. मनोरुग्णांना तिथे पाण्याच्या आवाजाने आणि गाण्याने उपचार करत. सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी लिहितो, की त्यासाठी दहा गवई-वादक नेमलेले होते. आता तिथे संग्रहालय आहे आणि त्यांनी जागोजागी रोग्यांचे, वैद्यांचे पुतळे बसवलेत. मला ते पुतळे सहन होत नाहीत. तू सहा बाजूंच्या दालनात घुमटाखाली बस आणि डोळे मीट. एका टोकाला कुणी हळू बोललं तरी दुसऱ्या टोकाच्या खोलीत ऐकू येतं. ते रुग्णालय कसं चालत असेल, ते पुतळ्यांपेक्षा त्या आवाजातून कळतं.

वेळ उरला तर मेरिच नदीच्या पुलावरून कराआचला जा. जुनं रेल्वे स्टेशन आहे, आता विद्यापीठाची कलाशाखा तिथे भरते. नदीपलीकडचा एवढाच तुकडा 1923 च्या तहात ग्रीसने तुर्कांना दिला, म्हणून सीमा अगदी हाकेवर आहे. पासपोर्ट जवळ ठेव, पण उत्साहाच्या भरात पलीकडे पाऊल टाकू नकोस. व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तर परत येताना पंचाईत.

आजोबांसाठी एक गोष्ट. गावात पैलवानांचे पुतळे दिसतील, त्यांचा फोटो काढून पाठव. दरवर्षी उन्हाळ्यात इथे किर्कपिनारच्या कुस्त्या होतात. कातड्याची विजार घालतात आणि अंगभर ऑलिव्हचं तेल ओततात. आपल्याकडे तेल आखाड्याच्या मातीत मुरवतात, तिकडे अंगावर. विजारीत हात घालून पकड करणं तिथे नियमात बसतं, हे आजोबांना सांगितलंस की काय म्हणतात ते मला कळव. लागोपाठ तीन वर्षं जिंकणाऱ्याला सोन्याचा पट्टा कायमचा मिळतो. त्यांचा शब्द पेहलिवान, जागेचा शब्द मेयदान. कोल्हापूरच्या खासबागेत आयुष्य गेलेल्या माणसाला भाषांतर लागणार नाही.

खाण्याचं तूच बघ. गावाचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे तळलेली कलेजी: पानासारखे पातळ काप, कुरकुरीत, सोबत तळलेल्या सुक्या लाल मिरच्या. तिला 'जिएर' म्हणतात, आपलाच जिगर. मी खात नाही. मला मसुराचं सूप, पाव आणि तिथलं पांढरं चीज यांवर दोन दिवस मजेत काढता आले. मिरच्या मात्र मागून घेतल्या.

आणि येताना माझ्यासाठी बदामाची मिठाई आण, बादेम एझ्मेसी म्हणायचं. बाजारात फळांच्या आकाराचे साबणही दिसतील, सफरचंद, पीच, द्राक्षांचा घड, आईसाठी घ्यावेसे वाटतील. घे. पण दोन्ही एका पिशवीत बांधू नकोस. मागच्या वेळची माझी सगळी मिठाई पीचच्या साबणासारखी लागत होती, आणि आमची ही अजून ते विसरलेली नाही.

तुझा,
सर