जुन्या पद्मिनीचा रंग पूर्ण काढायचा का, आणि काढायचा तर कशाने?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे, आजवर दोन-तीनदा रंगवून झालीय, आता बॉनेटवर बारीक भेगा आणि दरवाजांच्या खालच्या कडेला गंज दिसतोय. एक पेंटर सँडब्लास्टिंग करून सगळा रंग उडवा म्हणतो, दुसरा रिमूव्हर, म्हणजे रंग सुटवणारं रसायन, सांगतो, तिसरा म्हणतो पॉलिश पेपर मारून वरूनच रंगवू. तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, फक्त गाडीच्या वेगवेगळ्या भागांबद्दल. म्हणून आधी कुठला रंग काढायचा ते ठरवा.

फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून सगळ्या बॉडीवरून फिरवा. जिथे ते ढिलं पडतं किंवा घसरतं, तिथे खाली पुट्टीचा जाड थर आहे. पद्मिनीत हे बहुधा दरवाजांच्या खालच्या टोकाला आणि चाकांच्या कमानीवर सापडतं. अशी पुट्टी पूर्ण उकरून काढा. बऱ्याचदा खाली जाळी झालेला पत्रा निघतो आणि मग ते काम पेंटरचं राहत नाही, वेल्डरचं होतं.

दुसरी तपासणी थिनरची. सहज नजरेत न येणाऱ्या जागी, पण बाहेरच्याच रंगावर, एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग लागला आणि जागा चिकट झाली तर वरचा थर एनसीचा, म्हणजे गल्लीबोळात ज्याला सरसकट ड्यूको म्हणतात त्या जातीचा. काहीच झालं नाही तर तो भट्टीत पक्का केलेला कंपनीचा रंग असेल किंवा हार्डनर घालून मारलेला टू-के. एनसीवर थेट टू-के चढवला तर नव्या रंगातला थिनर खालचा थर फुगवू शकतो आणि वरचा ताजा रंग सुरकुततो. ‘वरूनच रंगवू’ म्हणणाऱ्याला एवढं एकच विचारा, की खाली काय आहे ते पाहिलंत का?

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडते. बॉनेटच्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा वॉटर पेपरने, पाणी घेत घेत, गोल घासत जा, मधोमध पत्रा लागेपर्यंत. थर एकात एक वर्तुळांसारखे उघडे पडतात. बाहेरून आत आलात तर आजचा पांढरा, मग राखाडी सरफेसर (रंगाखालचा, पृष्ठभाग सपाट करणारा थर), मग कधीतरी कुणाला तरी आवडलेला फिका निळा, पुन्हा राखाडी, मग मूळचा रंग, त्याचा प्रायमर आणि शेवटी चकचकीत पत्रा. गाडीवर किती हात फिरलेत ते तिथेच कळतं. आता प्रत्येक वर्तुळाच्या कडेला नख लावून बघा. ज्या दोन थरांच्या मध्ये पापुद्रा सुटतो, तिथपर्यंत काढायचं, कारण त्याच्यावर कितीही महागाचा रंग मारलात तरी तो तिथूनच सुटणार.

(भंगारातून दुसरा दरवाजा आणणार असाल तर त्याच्यावर ही तपासणी नक्की करा. पद्मिनी बनली कुर्ल्यात, आणि तिचे सुटे पत्रेही कुर्ल्याच्या भंगारात शोधले गेले. तिथला दरवाजा टॅक्सीचा निघाला तर पासिंगच्या आधी दरवेळी मारलेले काळ्या रंगाचे इतके थर असतात, की घासत बसण्यात अर्थ नसतो.)

जाडी मोजायचं गेज कुणाकडे मिळालं तर फारच उत्तम. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. आकडा ३०० च्या बराच वर गेला असेल तर आणखी थर चढवू नका, तो रंग उन्हात तडकतो.

आता माझं मत, जे हौशी मंडळींना सहसा पटत नाही. कंपनीचा मूळ थर जिथे घट्ट धरून आहे, तिथे तो काढू नका. नंतर मारलेले थर उतरवा, मूळ रंगाला ३२० नंबरच्या पेपरने खरवड द्या आणि त्यावर प्रायमर मारा. कारखान्यात प्रायमर धरावा म्हणून पत्र्यावर जी प्रक्रिया केलेली असते, ती गॅरेजमध्ये तितकी चांगली होत नाही. ‘पूर्ण पत्र्यापर्यंत नेली’ हे फोटोत छान दिसतं, एवढंच.

जिथे पत्र्यापर्यंत जायचंच आहे, म्हणजे तुमचं बॉनेट आणि बहुधा छप्पर, तिथे मी रिमूव्हर निवडेन. हे दोन्ही मोठे, सपाट आणि पातळ भाग आहेत. सँडब्लास्टिंगमध्ये वाळूचा मारा पत्र्याच्या एकाच बाजूवर पडतो, ती बाजू ताणली जाते आणि पत्रा फुगतो. मग मधोमध बोट दाबलं की टक् करून आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. हे सरळ करणारे डेंटर आता फार उरले नाहीत. ब्लास्टिंग ठेवा सस्पेन्शनचे भाग, रिम, ब्रॅकेट असल्या जाड लोखंडासाठी. खायच्या सोड्याचं ब्लास्टिंग पातळ पत्र्याला चालतं, पण त्याने गंज निघत नाही आणि सांध्यांत अडकलेला सोडा नीट धुतला नाही तर प्रायमर धरत नाही.

रिमूव्हर लावायच्या आधी रंगावर ८० नंबरने आडवेतिडवे ओरखडे मारा. बॉनेटच्या कडा आणि सगळे सांधे इंचभर आतपर्यंत दुहेरी मास्किंग टेपने बंद करा, कारण सांध्यात शिरलेला रिमूव्हर कितीही धुतला तरी आत राहतो आणि सहा महिन्यांनी नव्या रंगाला तिथेच फोड येतात. स्वस्त ब्रशने जाड थर एकाच दिशेने लावा. भिंत रंगवल्यासारखा ब्रश मागेपुढे फिरवू नका, त्याने वर धरलेली साय फुटते आणि द्रावण उडून जातं. वरून पातळ प्लास्टिक अंथरा. थोड्या वेळाने प्लास्टिकखाली रंग आधी मळकट होतो, मग त्याला शिरा उठतात आणि अख्खा थर पत्र्यापासून उचलला जाऊन चुण्या पडतात. तेव्हा प्लास्टिकच्या पट्टीने सारा, लोखंडी पटाशीने नाही. जाड रंगाला दोन-तीन फेऱ्या लागतात. मग डब्यावर जे लिहिलं असेल, पाणी किंवा थिनर, त्याने दोनदा पुसा. टेपखाली राहिलेल्या कडा शेवटी हाताने घासून काढा.

आणि हे काम बंद गॅरेजमध्ये करू नका. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या बऱ्याच रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असतं. घरी रंग काढायला ते सर्वसामान्य ग्राहकांना विकणं अमेरिकेने २०१९ मध्ये थांबवलं, युरोपने त्याच्याही आधी. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणजे खाली वाकून काम करणाऱ्याच्या नाकाशीच साचते, आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. एन-९५ मास्क तिच्यापुढे काहीच कामाचा नाही. मोकळं अंगण, पाठीमागून पंखा, डोळ्यांना गॉगल. पातळ रबरी हातमोज्यांतूनही ते लवकर पार होतं, म्हणून चांगले जाड घ्या आणि रिमूव्हर सांडला की लगेच बदला.

बाकीचे, म्हणजे दरवाजे आणि मडगार्ड, डीए सँडरने, म्हणजे गोल फिरत घासणाऱ्या मशिनने करा, ८० पासून सुरू करून १८० वर या. बाजूच्या उठावदार रेषेवर मशिन चढवू नका, तिथे हातानेच. अँगल ग्राइंडर घेऊन येणाऱ्या कारागिराला दारातूनच परत पाठवा, पत्रा तापून वाकतो. कोरडं घासताना मात्र एन-९५ हवाच. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, तीही घरगुती रंगांपुरती. १९८२ च्या गाडीच्या प्रायमरमध्ये आणि पिवळ्या-लाल छटांमध्ये शिसं आहे असंच धरून चाला. भुकटी झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा, आणि लहान मुलं त्या दिवशी दुसरीकडे.

उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत संध्याकाळी पांढराशुभ्र दिसलेला बॉनेट सकाळी तांबूस असतो. एका वेळी एकच भाग सोलायचा, नुसत्या हाताने त्याला शिवायचं नाही, ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसायचं आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायचा. पुट्टी लागली तर ती इपॉक्सी वाळल्यावर त्याच्यावर, नंतर सरफेसर. गंजासाठी फॉस्फोरिक अॅसिडचं कन्व्हर्टर वापरलंत तर इपॉक्सीआधी ते पूर्ण धुऊन वाळवा. पेंटर म्हणाला की सगळी गाडी एकदम सोलतो आणि पुढच्या आठवड्यात प्रायमर मारतो, तर त्याला काम देऊ नका. आणि हे सगळं दिवाळीनंतर हातात घ्या, पावसाळ्यात अजिबात नाही.

सुरू करण्याआधी चॅसिस नंबर जिथे ठोकलाय ती जागा आणि कंपनीची पट्टी शोधून तिच्यावर जाड टेप लावा, फोटोही काढून ठेवा. तिथे ना रिमूव्हर, ना सँडर, ना ब्लास्टिंग. नंबर पुसट झाला तर आरटीओत जो त्रास होतो तो रंगाच्या खर्चापेक्षा महाग पडतो. आणि वर्तुळांत सापडलेला मूळ रंग बघून मोह झाला, आरसीवर मात्र सध्याचा पांढरा लिहिलेला असेल, तर रंगबदलाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागेल. ते पेंटरला आगाऊ रक्कम देण्याआधी विचारून घ्या.