नवजात बाळाला ३०० हाडं आणि मोठ्या माणसाला २०६, मग मधली हाडं जातात कुठे?

कुठेच जात नाहीत, एकमेकांना जुळून एक होतात. मी एक्स-रे टेक्निशियन आहे, त्यामुळे हे जुळणं रोज या ना त्या वयात बघतो.

मागच्या आठवड्यात नऊ वर्षांचा एक मुलगा सायकलवरून पडून आला, मनगट सुजलेलं. फोटो (आमच्याकडे एक्स-रेला सगळे फोटोच म्हणतात) स्क्रीनवर आला आणि वडिलांचा चेहरा उतरला. "अहो दादा, सरळ दोन तुकडे झालेत की!" मनगटाजवळ हाडाच्या टोकाला एक आडवी काळी रेघ होती, त्यावर त्यांनी बोटच ठेवलं. निदान सांगणं माझं काम नाही. पण डॉक्टरांनी तुलनेसाठी दुसऱ्या हाताचाही फोटो मागवला होता, तो शेजारी लावून दाखवला. न पडलेल्या हातातही तीच रेघ, त्याच जागी.

ती रेघ म्हणजे कूर्चेची (हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाची) पट्टी. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तिथे फट वाटते. त्या पट्टीत पेशी वाढतात, एकावर एक रचल्या जातात, मग त्या जागी कॅल्शियम बसून हाड तयार होतं. लांब हाडांची लांबी वाढते ती फक्त इथूनच. वाढ संपत आली की पट्टीचंही हाड होतं आणि टोक मधल्या दांड्याला कायमचं जुळतं. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी होतं. रेघा बुजल्यावर उंची वाढवायच्या पावडरी खाणं म्हणजे पैसे पाण्यात.

३०० हा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका. काय मोजायचं त्यावर तो २७० ते ३०० असा कुठेही जातो, कारण बाळाच्या शरीरात बरीच 'हाडं' अजून कूर्चाच असतात. मनगटात आठ छोटी हाडं असतात ना? नवजात बाळाच्या फोटोत त्यातलं सहसा एकही दिसत नाही, नुसती मोकळी जागा. पहिली दोन काही महिन्यांत उमटतात, शेवटचं, वाटाण्याएवढं, नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. म्हणून तर बीसीसीआय १६ वर्षांखालच्या क्रिकेटपटूंचं वय पडताळायला मनगटाचा एक्स-रे काढते. जन्मदाखल्यावर खाडाखोड होते, मनगटावर नाही.

एक गैरसमज टाळूबद्दलचा. आजी तेल भरते ती टाळू म्हणजे हाड नव्हे, कवटीच्या हाडांमधली पडद्याची जागा. पुढची टाळू साधारण दीड वर्षात भरून येते, पण त्यानंतरही कवटीची बहुतेक हाडं वेगळीच मोजतात. कपाळाचं हाड मात्र जन्मतः दोन भागांत असतं, ते पहिल्या एक-दोन वर्षांत एक होतं. आकडा खरा घटतो तो खाली. कमरेखालचे पाच मणके मिळून एकच तिकोनी हाड होतं, खुब्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तुकड्यांचं एकेक. ते वयात येताना.

सगळ्यात मजेशीर आपलं कॉलर बोन. गर्भात हाड बनायला सुरुवात होते ती जवळपास सगळ्यांच्या आधी तिथे, आणि छातीकडचं टोक जुळतं सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास किंवा त्याही नंतर. म्हणजे लग्नाच्या वयातही माणसाच्या अंगात एखादी रेघ उघडी असू शकते.

आणि २०६ तरी कुठे सगळ्यांना सारखी? काहींना मानेशी एखादी जादा बरगडी असते, आणि छातीचा फोटो काढेपर्यंत पत्ताही नसतो.

त्या मुलाचं हाड दुखावलं होतंच. पण रेघेत नाही, तिच्या दोनेक सेंटीमीटर वर, जिथे वडिलांची नजरही गेली नव्हती. मोठ्या माणसाचं हाड अशा वेळी बहुधा तुटतं, पोरांचं लवचिक असतं, दाब पडला की चेपून नुसता फुगवटा येतो. डॉक्टरांनी तीन आठवड्यांसाठी प्लास्टरचा स्लॅब घातला.